थव्याला म्होरक्या नसतो: पक्षी, मासे नि गुरांच्या कळपाचं सिम्युलेशन घरच्या लॅपटॉपवर कसं लिहायचं

मालवणात चिवला बीचवर रापण लागली की मी हातातलं काम टाकून बघायला जातो. होडीतून जाळं अर्धगोलात टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि मग माणसं दोन रांगा करून ओढायला लागतात, आणि जाळं जसजसं जवळ येतं तसतसं आतलं पाणी बदलत जातं. आधी नुसता शहारा, मग एकदम एका बाजूचं सगळं पाणी चकाकतं कारण शेकडो बांगडे एकाच क्षणी कुशीवर वळलेले असतात. एकदा शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या रापणकाराला मी विचारलं, तात्या, ह्यांच्यात म्होरक्या कोण असतो? ते म्हणाले, "म्होरको खंयचो रे? बाजूचो वळलो की ह्यो वळता."

मला आजवर मिळालेलं थव्याच्या प्रोग्रामचं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण हेच आहे, कारण हा अख्खा प्रोग्राम "बाजूचा कोण" एवढ्या एका प्रश्नावर उभा राहतो. आपण थव्याला काही सांगायचं नाही, गोल फिर म्हणायचं नाही, रांग धर म्हणायचं नाही. एकेका पक्ष्याला त्याच्या शेजाऱ्यांशी कसं वागायचं तेवढं सांगायचं, थवा आपोआप दिसतो. आणि तो पहिल्यांदा स्क्रीनवर दिसतो ना, तेव्हा अंगावर काटा येतो, खरंच सांगतो.

हे कॉम्प्युटरवर पहिल्यांदा नीट जमवलं क्रेग रेनॉल्ड्स ह्यांनी, १९८६ मध्ये, आणि १९८७ ला त्यावर पेपर लिहिला. त्यांनी आपल्या त्या बारक्या प्राण्यांना नाव दिलं बॉइड. नियम फक्त तीन. शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी ज्या दिशेला चाललेत तिकडे चल, आणि शेजाऱ्यांच्या मधोमध राहायचा प्रयत्न कर. मी त्यांना माझ्या कोडमध्ये अंतर, दिशा आणि ओढ म्हणतो, पुढे तेच शब्द वापरतोय.

काय लागेल

साधा लॅपटॉप आणि ब्राउझर, बस. मी पी-फाइव्ह जेएस सुचवेन, ही जावास्क्रिप्टमधली चित्रं काढायची लायब्ररी, कारण त्याचा ऑनलाइन एडिटर फुकट आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि चित्र लगेच दिसतं. पायथन येत असेल तर त्याच्या पायगेम लायब्ररीमध्ये पण हेच सगळं होतं, लॉजिक एकच. आणि हो, पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट दोन्हीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, त्यामुळे "वेग" हे नाव वेग असंच लिहिता येतं. शाळेतल्या मुलांना शिकवताना मला ह्याचा फार उपयोग झाला.

गणित बारावीच्या व्हेक्टरएवढंच, म्हणजे बेरीज, वजाबाकी, लांबी काढणं, लांबी १ करून फक्त दिशा ठेवणं, आणि शेवटी शेवटी डॉट प्रॉडक्ट. ह्यापुढे काही नाही.

आधी एकच पक्षी

सगळे इथेच घाई करतात. आधी एक पक्षी करा. त्याच्याकडे तीन गोष्टी असतात: जागा, वेग आणि रेटा. रेटा म्हणजे ह्या फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या ह्या एका चित्रात, त्याला कुठल्या बाजूला किती ढकलायचं ते. दर फ्रेमला वेगात रेटा मिळवायचा, जागेत वेग मिळवायचा, आणि मग रेटा शून्य करायचा. हे शेवटचं विसरलात तर रेटा साठत जातो आणि पक्षी थोड्याच वेळात भरकटतो.

कॅनव्हास ८०० बाय ६०० पिक्सेलचा घ्या. पी-फाइव्हमध्ये ड्रॉ नावाचं फंक्शन सेकंदाला ६० वेळा चालतं, म्हणून वेगाची कमाल मर्यादा ३ पिक्सेल ठेवली तर सेकंदाला १८० पिक्सेल होतात आणि पक्षी साडेचार सेकंदांच्या आत ह्या टोकाचा त्या टोकाला जातो. डोळ्याला हे बरं वाटतं. पक्षी म्हणून टिंब काढू नका, छोटा त्रिकोण काढा आणि वेगाच्या दिशेने वळवा, नाहीतर कोण कुठे बघतोय तेच कळत नाही आणि नंतर चुका सापडत नाहीत.

कडेचं काय करायचं ते आत्ताच ठरवा. उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत आणायचा, हे सगळ्यात सोपं. पण मग एक गोष्ट लक्षात ठेवायची, उजव्या कडेचा पक्षी आणि डाव्या कडेचा पक्षी हे आता खरं तर शेजारी झाले. म्हणून अंतर मोजताना आडवा फरक ४०० पेक्षा जास्त आला तर त्यातून ८०० वजा करायचे आणि उणे ४०० पेक्षा कमी आला तर ८०० मिळवायचे, उभ्यालाही तसंच ३०० आणि ६०० धरून. हे नाही केलं तर थवा दर वेळी कडेला आल्यावर फाटतो आणि माणूस उगाच नियमांमध्ये चूक शोधत बसतो.

आता शेजारी

दीडशे पक्षी करा, जागा आणि दिशा रँडम. मग प्रत्येकासाठी शेजाऱ्यांची यादी बनवा: माझ्यापासून ५० पिक्सेलच्या आत जो कोणी आहे तो माझा शेजारी, मी स्वतः सोडून. स्वतःला वगळायचं राहिलं तर अंतर शून्य येतं, शून्याने भागाकार होतो आणि पक्षी स्क्रीनवरून गायबच होतो.

नियम लिहायच्या आधी एक काम करा. एका पक्ष्याला लाल रंग द्या, त्याच्याभोवती ५० पिक्सेलचं वर्तुळ काढा आणि त्याच्या शेजाऱ्यांना रेघांनी जोडा. दोन मिनिटं नुसतं बघा. रेघा जुळतात, तुटतात, परत जुळतात. पुढे काहीही बिघडलं तर पहिल्यांदा हाच लाल पक्षी बघायचा. मी आजही प्रत्येक नवीन सिम्युलेशनमध्ये तो ठेवतो.

तीन नियम, एकेक करून

तिन्ही एकदम लिहू नका, एक लिहा, चालवा, बघा, मग दुसरा.

बोलीभाषेत एका फ्रेमचं काम असं होतं:

प्रत्येक पक्ष्यासाठी
— ५० पिक्सेलच्या आतले शेजारी शोध
— कोणीच नसेल तर रेटा शून्य, सरळ जाऊ दे
— दिशा: शेजाऱ्यांच्या वेगांची सरासरी
— ओढ: शेजाऱ्यांच्या जागांची सरासरी काढ, त्यातून माझी जागा वजा कर
— अंतर: २० पिक्सेलच्या आतल्या प्रत्येकापासून लांब जाणारा व्हेक्टर, जितका जवळ तितका मोठा
— तिन्हींचा रेटा काढून आपापल्या वजनाने गुण आणि बेरीज कर
सगळ्यांचे रेटे काढून झाले की मग सगळ्यांना एकदम हलव

ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. एकाला हलवलं, मग त्याच्या नव्या जागेवरून दुसऱ्याचं गणित केलं, असं झालं तर यादीत आधी असलेले पक्षी वेगळे वागतात आणि थव्यात उगाचच म्होरके तयार होतात. आधी सगळ्यांचं गणित जुन्या जागांवरून, मग सगळ्यांची हालचाल.

आता रेटा म्हणजे नेमकं काय ते जरा सावकाश घेऊया, कारण बरेच जण इथे अडकतात. नियमाने तुम्हाला एक दिशा दिली. तिची लांबी १ करा, तिला कमाल वेगाने म्हणजे ३ ने गुणा, हा झाला "मला हवा असलेला वेग". त्यातून आत्ताचा वेग वजा करा, जो फरक उरला तो रेटा. आणि हा रेटा कितीही मोठा आला तरी ०.०५ वर कापायचा. ह्या कापण्यातच सगळा जीव आहे. ३ च्या वेगाला आडवा ०.०५ चा रेटा म्हणजे एकाच नियमाच्या जोरावर पक्षी सेकंदाला साधारण ५७ अंश वळतो, म्हणजे पूर्ण उलटा फिरायला त्याला तीन सेकंद लागतात. म्हणून तो झोकात वळतो. मर्यादा १ केली तर तोच पक्षी माशीसारखा जागच्या जागी झटके मारतो. मोठा जड पक्षी हवा असेल तर मर्यादा कमी करा, चपळ हवा असेल तर वाढवा.

पहिल्यांदा फक्त दिशा चालू करा. थोड्या वेळात सगळे एकाच बाजूला जायला लागतील, पण विखुरलेले. मग ओढ चालू करा, सगळे गठ्ठा होऊन एकमेकांवर चढतील. शेवटी अंतर चालू करा आणि गठ्ठा फुलून येईल. वजनं सुरुवातीला अंतर १.५, दिशा १, ओढ १ अशी ठेवा.

दिशेची सरासरी कोनांवरून कधीही काढू नका. एक पक्षी ३५० अंशावर चाललाय आणि दुसरा १० अंशावर, म्हणजे दोघं जवळपास एकाच बाजूला, पण कोनांची सरासरी येते १८०, बरोबर उलटी! व्हेक्टरची बेरीज करा, हा घोळच होत नाही.

माझी एक संध्याकाळ गेली ती चूक

पी-फाइव्हमध्ये माझ्या जागेतून शेजाऱ्याची जागा वजा करताना मी सरळ माझ्या जागेवरच सब हे फंक्शन चालवलं. ते फंक्शन उत्तर नवीन व्हेक्टरमध्ये देत नाही, माझी जागाच बदलून टाकतं. झालं काय, पक्षी मधूनच नाहीसे व्हायचे आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात उगवायचे. मी तासन्तास वजनं बदलत होतो, अंतराचा नियम तीनदा नव्याने लिहिला. शेवटी लाल पक्ष्याची जागा दर ओळीनंतर छापून बघितली, तेव्हा दिसलं की ४१२, २८० वरचा पक्षी वजाबाकीच्या ओळीनंतर एकदम १४, ९ वर आला. म्हणजे जागेच्या ऐवजी नुसता फरक उरला होता, आणि कॅनव्हासवर शून्य-शून्य हा बिंदू डावीकडे वर असतो म्हणून सगळे त्या कोपऱ्यात. उपाय एकच, वजाबाकीच्या आधी कॉपी घ्या, किंवा सबचं ते रूप वापरा जे दोन व्हेक्टर घेऊन तिसरा देतं. कोपऱ्यात गर्दी दिसली की पहिल्यांदा हेच तपासा.

थवा झाला हे कसं ओळखायचं

डोळ्यांना भास होतो, म्हणून एक आकडा ठेवा. प्रत्येक पक्ष्याच्या वेगाची लांबी १ करा, सगळ्यांची व्हेक्टर बेरीज करा, तिच्या लांबीला पक्ष्यांच्या संख्येने भागा. सगळे एकाच दिशेला असतील तर १ येतं, जो तो आपल्या मनाने चालला असेल तर शून्याच्या जवळ. हा आकडा कोपऱ्यात छापत राहा.

तामाश व्हिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ह्याच आकड्यावर एक सुंदर गोष्ट दाखवली. त्यांच्या मॉडेलमध्ये वेग ठरलेला, नियम एकच, शेजाऱ्यांची दिशा घे, आणि त्यात थोडी गडबड मिसळ. गडबड कमी असेल तर सगळे एका दिशेला, जास्त केली तर अंदाधुंदी, आणि मध्ये एका ठिकाणी हा बदल होतो. तुम्ही पण करून बघा, दर फ्रेमला प्रत्येकाची दिशा थोडी रँडम हलवा, स्लायडर लावून गडबड वाढवत न्या आणि कोपऱ्यातला आकडा बघा. खरा थवाही अगदी परफेक्ट नसतोच, त्यामुळे थोडी गडबड कायम ठेवा, चित्र जिवंत वाटतं.

पन्नास पिक्सेल की सात पक्षी?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. २००८ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी रोममधल्या साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांचे, म्हणजे स्टार्लिंगचे थवे एकाच वेळी वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून अभ्यासले. आपल्याकडे हिवाळ्यात घाटावर ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे थवे येतात ना, त्यांचेच हे भाऊबंद. त्यात दिसलं की पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे बघत नाही, तो जवळच्या सहा-सात जणांशी जुळवून घेतो, ते किती का लांब असेनात.

कोडमध्ये हा बदल एका ओळीचा आहे: ५० पिक्सेलच्या ऐवजी अंतराप्रमाणे क्रम लावून पहिले ७ घ्या. पण फरक बघा. स्क्रीनवर माउस म्हणजे किनाऱ्यावरचा कुत्रा समजा, माउसपासून १०० पिक्सेलच्या आत आला की पक्षी उलटा पळेल असा चौथा नियम लिहा, वजन ३ ठेवा. आता थव्यात कुत्रा घुसवा. ५० पिक्सेलवाला थवा फाटला की तुकडे आपापल्या वाटेने जातात, कारण ५० च्या बाहेर गेलेला त्यांच्यासाठी उरतच नाही. सातवाला थवा ताणला जातो, मधून चिरतो, आणि बऱ्याचदा परत जुळून येतो. हिवाळ्यात किनाऱ्यावर चिखले नि तुतवार ओल्या वाळूवर बसलेले असतात, कुत्रा धावत आला की सगळे एकदम उठतात, पोटाची पांढरी बाजू लखकन दिसते, वळतात, परत शंभर पावलांवर बसतात. माझ्या मते ह्या उडण्याशी सात शेजारीच जुळतात. दोन्ही करून किनाऱ्यावर जाऊन ताडून बघा.

एक अडचण मात्र आहे, कुत्र्याला सगळेच बघतात असं करू नका. पुढचे वळले की मागे लाट जायला पाहिजे. म्हणून डोळ्यांना मर्यादा द्या, वेगाच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना १३५ अंश दिसतं, पाठीमागचं नाही. दोन दिशांचा डॉट प्रॉडक्ट काढला, दोन्हींची लांबी १ असताना, की तो उणे ०.७०७ पेक्षा कमी आला म्हणजे तो मागे आहे, यादीतून काढा.

लॅपटॉप तापायला लागला तर

दीडशे पक्ष्यांना प्रत्येकाने बाकी सगळ्यांना तपासलं तर फ्रेमला २२,३५० तपासण्या होतात, काही वाटत नाही. पण हजार केले की ९,९९,००० होतात आणि सेकंदाला जवळपास सहा कोटी, जुना लॅपटॉप असेल तर थवा रांगायला लागतो.

उपाय म्हणजे चौकटी. कॅनव्हासचे ५० बाय ५० चे चौकोन करा, आडवे १६ आणि उभे १२, एकूण १९२. दर फ्रेमला प्रत्येक पक्ष्याला त्याच्या चौकोनाच्या यादीत टाका, मग शेजारी शोधताना फक्त स्वतःचा आणि भोवतीचे आठ चौकोन बघा. हजार पक्षी सारखे पसरलेले असतील तर नऊ चौकोनांत सुमारे ४७ पक्षी येतात, म्हणजे काम वीसेक पटीने कमी. थवा दाटला की तेवढा फायदा राहत नाही पण तरी पुष्कळ होतो. सात शेजारीवाल्या पद्धतीत नऊ चौकोनांत सात मिळाले नाहीत तर अजून एक फेरा बाहेरचा बघायचा.

अंतर तपासताना वर्गमूळ काढू नका, फरकांच्या वर्गांची बेरीज २५०० पेक्षा कमी आहे का एवढंच बघा. आणि पायगेममध्ये वेळेच्या हिशोबाने हालचाल करत असाल तर दोन फ्रेममधल्या वेळेला वरची मर्यादा घाला. आमच्याकडे पावसात लाइट जाते, लॅपटॉप झोपतो, उठल्यावर तो दोन मिनिटांची हालचाल एकाच फ्रेममध्ये करतो आणि अख्खा थवा उधळतो.

त्याच कोडमधून गुरं

सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चरणाऱ्या गुरांसाठी कमाल वेग ०.५ करा, कडेने परत आत आणणं बंद करा, दिशेचं वजन अगदी कमी ठेवा. गुरं बहुतेक वेळ चरतात, म्हणून प्रत्येकाला दोन अवस्था द्या, चरणं आणि चालणं. शेजाऱ्यांपैकी जितके चालायला लागलेत तितकी ह्याची चालायला लागायची शक्यता वाढवा. संध्याकाळी पहिली दोन-तीन गुरं वाटेला लागली की बाकीची कशी हळूहळू निघतात, ते स्क्रीनवर जसंच्या तसं दिसतं. राखण्या हवा असेल तर त्याला दोनच कामं द्या: एखादं लांब गेलं असेल तर त्याच्या पलीकडे जाऊन त्याला कळपाकडे आण, सगळी जवळ असतील तर मागे उभा राहून हाक. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांवर २०१४ मध्ये आलेल्या एका मॉडेलमध्ये हेच दोन नियम आहेत आणि तेवढे पुरतात.

आणि रापण

मासे म्हणजे तेच पक्षी, फक्त अंतर कमी, साधारण १२ पिक्सेल, आणि वळायची मर्यादा जास्त. कॅनव्हासची खालची कड म्हणजे किनारा, मासा तिथे आला की परत वळवा, बाकीच्या तीन बाजू उघड्या. जाळं म्हणजे ४० बिंदूंची अर्धगोल साखळी, त्रिज्या २५०, दोन्ही टोकं किनाऱ्यावर. दर फ्रेमला प्रत्येक बिंदू ०.२ पिक्सेल मध्याकडे सरकवा, साधारण २१ सेकंदांत जाळं किनाऱ्याला लागतं.

माशाने जाळ्याच्या बिंदूपासून लांब राहायचं असं लिहू नका, दोन बिंदूंच्या मधून मासे निसटतील. दोन बिंदूंमधल्या रेघेवरची सगळ्यात जवळची जागा काढा: मासा रेघेच्या सुरुवातीपासून रेघेच्या दिशेने किती पुढे आहे ते डॉट प्रॉडक्टने काढा, रेघेच्या लांबीच्या वर्गाने भागा, उत्तर ० आणि १ च्या मध्ये दाबून बसवा. त्या जागेपासून ३० पिक्सेलच्या आत आला की रेटा. तरीही दाटी झाली की काही मासे जोरात आरपार जातात, म्हणून हलवून झाल्यावर रेघ ओलांडली का ते तपासा आणि ओलांडली असेल तर जुन्या जागेवर परत ठेवा.

मग प्रत्येक माशाला आकार द्या आणि जाळ्याला आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, द्या. माशाचा आकार आसेपेक्षा लहान असेल तर ही शेवटची तपासणी त्याला लावू नका. चालवा. मोठे मासे आत गरगर फिरत राहतात, आणि जाळं किनाऱ्याजवळ आल्यावर बारकी पिल्लं त्याच गर्दीच्या रेट्याने एकेक करून आसेतून बाहेर पडतात, बाहेर पडल्या पडल्या एकमेकांना शोधतात, आणि थोड्याच वेळात जाळ्याच्या पलीकडे त्यांचा छोटासा वेगळा थवा वळताना दिसतो.